आपल्या सालात न ऐकलेली गाणी

वर्षअखेर जवळ आली की वृत्तपत्रांना हिशेबाची घाई होते. वर्षातील उत्तम पुस्तके, उत्तम चित्रपट, उत्तम गाणी अशा याद्या छापून येतात, आणि मार्चअखेरीस आमच्या कचेरीत जशी बिले निकालात निघतात तसे ते सालही निकालात निघते. या याद्यांविषयी आमची तक्रार एवढीच की, यादी करणारा ज्या शहरात बसलेला असतो तेथवर जे पोचले, तेवढेच तिच्यात येते. जे पोचलेच नाही त्याची नोंद कोणी करावयाची? स्वप्रांतापासून दूर नेमणुकीवर असलेल्या आम्हां मंडळींना हा प्रश्न सुचावा यात नवल नाही. पोचणे आणि न पोचणे यांतले अंतर आम्ही बदलीच्या प्रत्येक हुकुमाबरोबर मोजलेले असते.

यंदा आम्हीही एक यादी केली आहे. ती एका सालाची नव्हे. आपापल्या सालात फारसे कोणी न ऐकलेल्या, आणि तरी आम्हांला मनापासून आवडलेल्या तबकड्यांची ती यादी आहे. त्याही पंक आणि पॉवर-पॉप या दोन घराण्यांच्या. नाट्यसंगीतावर वाढलेल्या वाचकांनी दचकू नये. पंक म्हणजे १९७०च्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्क, लंडन अशा शहरांतून उठलेले, गिटारीच्या तीन-चार कॉर्डांवर उभे राहणारे, दोन-तीन मिनिटांत आटोपणारे संतप्त गाणे. गाण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, हे त्याचे मूळ तत्त्व. पॉवर-पॉप हे त्याचे थोडे गोड स्वभावाचे चुलत भावंड. बीटल्सच्या वळणाची चाल, पण गिटारीचा हात जड. हा शब्द 'द हू'च्या पीट टाउनशेंड यांनी १९६७ साली प्रथम वापरला असे मानतात. मोठ्या रागाच्या विस्ताराला जी बैठक लागते ती या गाण्यांना नाही. पण पोवाड्यात डफावर पहिली थाप पडताच जे अंगावर येते, त्याच्या जातीचे काही त्यांत आहे.

ही गाणी आमच्या घरी आली ती कन्येमुळे. आमचे वास्तव्य सध्या कोवलमला आहे. पत्ता सांगितला की आप्तेष्ट केरळातील नारळीची झाडे आठवून हेवा करतात. आमचे कोवलम ते नव्हे. हे चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे चाळीस किलोमीटरवर, ईस्ट कोस्ट रोडला लागून असलेले मच्छीमारांचे गाव. एका किनाऱ्यावर चर्च, दर्गा आणि देवळे नांदतात. नामसाधर्म्याने झाकले जाणे हे त्याच्या नशिबी नवे नाही. अठराव्या शतकात कर्नाटकच्या नबाबांनी येथे बंदर वसविले, त्याला सादतपट्टण म्हणत. १७५० साली ते फ्रेंचांच्या हाती गेले, १७५२ साली क्लाइव्हने किल्ला घेतला आणि पुढे तो उद्ध्वस्त झाला. जवळच मद्रास वाढत गेले आणि कोवलम मागे राहिले. जुन्या किल्ल्याच्या जागी आज एक ताज हॉटेल उभे आहे.

तथापि लाटा कोणी उद्ध्वस्त करू शकत नाही. मच्छीमाराच्या घरी जन्मलेल्या मूर्ती मेगवन यांनी गावातील मुलांना सर्फिंग शिकविले, आणि २०१३ साली येथे सर्फिंग व संगीत यांचा एकत्र उत्सव सुरू झाला. ही जोडी वरवर विचित्र वाटते. पण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर १९६०च्या आसपास घुमलेली सर्फिंगची गिटार आणि पुढले पंक यांचे नाते जवळचे आहे. न्यूयॉर्कच्या 'रॅमोन्स'नी १९७७ सालच्या आपल्या दोन्ही संग्रहांत किनाऱ्यावरची जुनी गाणी आपल्या वेगाने पुन्हा म्हटली. आमच्या कन्येला या किनाऱ्यावर गिटारीचा नाद लागला. गावातील दोन तरुण आणि चेन्नईची एक मैत्रीण यांच्यासह तिने चार गाणी ध्वनिमुद्रित केली. ढोल वाजविणाऱ्याची भाषा तमिळ, गाण्यांचे शब्द मराठी. आमच्या बदल्यांच्या ओघात तिने मराठी शाळा कधी पाहिली नाही. मराठी तिला घरात मिळाली, आणि राग आला की ती मराठीतच येतो, असे ती म्हणते. गाणी मुंबईच्या एका कंपनीपर्यंत गेली. उत्तर आले की, चाली उत्तम आहेत. मात्र शब्द हिंदी करावेत आणि पथकाचे नाव बदलावे. चेन्नईहून आलेले मराठी गाणे कोणत्या खणात ठेवावे हे त्यांना उमगेना.

"बाबा, तुम्ही काय कराल?" असे तिने एका रात्री विचारले. ज्याने तीस वर्षे वरिष्ठांच्या टिपणीखाली सही केली त्याला हा प्रश्न विचारणे जरा कठोरच. उत्तर देण्यापूर्वी आम्ही तिच्याच संग्रहातील तबकड्या एकेक करून ऐकल्या. आमची यादी त्यातून तयार झाली.

पहिले नाव 'द सेंट्स' यांचे. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन हे तेव्हा संगीताच्या नकाशावर नसलेले गाव. तेथील या तरुणांनी १९७६च्या सप्टेंबरात 'आय अॅम स्ट्रँडेड' ही तबकडी स्वतःच्या खर्चाने काढली. प्रती पाचशे. लंडनमधील प्रसिद्ध पंक पथकांच्या पहिल्या तबकड्या निघण्यापूर्वीची ही गोष्ट. स्वदेशात तिला कोणी विचारले नाही. लंडनच्या एका साप्ताहिकाने तिची तोंड भरून स्तुती केली, तेव्हा ई.एम.आय. कंपनीच्या लंडन कचेरीने सिडनीच्या शाखेला कळविले की, या मुलांशी करार करावा. शाखेच्या दाराशी असलेली वस्तू शाखेला मुख्य कचेरीच्या पत्राने दिसली! आमच्या वाचकांना याहून अधिक भाष्य नको.

दुसरे नाव 'द डेस्परेट बायसिकल्स'. या लंडनच्या पथकाने १९७७ साली पहिली तबकडी काढली तिला १५३ पौंड खर्च आला. तो आकडा त्यांनी लपविला नाही. उलट जाहीर केला, आणि ऐकणारालाही तसेच करण्याचे आवाहन केले. वाद्ये कच्ची, आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. पण जमाखर्च इतक्या निर्मळपणे मांडणारी कलाकृती आमच्या पाहण्यात दुसरी नाही.

पॉवर-पॉपमध्ये आमचा कौल 'द नर्व्हज' यांच्या १९७६ सालच्या चार गाण्यांच्या छोट्या तबकडीला आहे. त्यातील जॅक ली यांचे टेलिफोनवरचे गाणे 'ब्लाँडी' यांनी १९७८ साली पुन्हा गायिले आणि ते जगभर गाजले. मूळ गाणारे लोकांना ठाऊक नाहीत. मूळ ऐका, त्यात घाई आहे, आणि पलीकडून कोणी फोन उचलणार नाही ही भीती खरी आहे.

'बिग स्टार' यांची कथा अधिक उदास आहे. अमेरिकेतील मेम्फिस येथे अॅलेक्स चिल्टन आणि ख्रिस बेल यांनी १९७२ साली 'नंबर वन रेकॉर्ड' हा संग्रह केला. समीक्षकांनी वाखाणला. परंतु वितरणाची घडी विसकटली, दुकानांत प्रतीच पोचल्या नाहीत, आणि नावाने अव्वल असलेला हा संग्रह आरंभी दहा हजारही खपला नाही. गाण्यांत दोष नव्हता, हमालीत होता. पुढल्या पिढीतील कित्येक नामवंत पथकांनी त्यांना गुरुस्थानी मानले. बेल ते पाहावयास राहिले नाहीत; १९७८ साली मोटार अपघातात ते गेले, तेव्हा त्यांचे वय सत्तावीस होते.

आणि शेवटी 'डेथ'. डेट्रॉइटचे डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस हॅकनी हे तिघे कृष्णवर्णीय बंधू. त्यांच्या शहरात कृष्णवर्णीयांनी नृत्याची गोड गाणी गावीत अशी लोकांची अपेक्षा. यांनी १९७५ साली जे वाजविले ते पंक होते, त्याला तसे नाव मिळण्याआधी. पथकाचे नाव डेव्हिड यांनी वडिलांच्या अपघाती मृत्यूनंतर ठेवले होते. ज्या बड्या कंपनीच्या प्रमुखाने ध्वनिमुद्रणाला आधार दिला होता त्याने अट घातली, नाव बदला. डेव्हिड यांनी नकार दिला. बारा गाण्यांचा बेत सात गाण्यांवर थांबला. १९७६ साली बंधूंनी स्वतःच पाचशे तबकड्या काढल्या आणि विषय संपला. जग एके दिवशी या फिती शोधत येईल असे डेव्हिड यांनी भावाला सांगून ठेवले होते. २००० साली कर्करोगाने त्यांचे निधन झाले. नंतर बॉबी यांच्या मुलाने एका मेजवानीत कोणी लावलेले अनोळखी गाणे ऐकले आणि त्यात आपल्या वडिलांचा आवाज ओळखला. बापाने घरी कधी त्याची वाच्यता केली नव्हती. २००९ साली ती सात गाणी अखेर संग्रहरूपाने प्रसिद्ध झाली.

आपल्या देशातही या घराण्याचा वंश आहे. मुंबईच्या 'रायट पेडलर्स' यांनी आपल्या तबकडीला 'सरकार' आणि उपरोधवाचक इंग्रजी शब्द जोडून 'सरकार्झम' असे नाव दिले. आम्हां सरकारी नोकरांनी ती अवश्य ऐकावी. पगार बंद होत नाही. चेन्नईच्या 'स्क्राट' यांचा २०१७चा 'बायसन' हा संग्रह या शहराच्या उन्हासारखा आहे, सावली न देणारा. अरुणाचल प्रदेशच्या मुलींनी दिल्लीत उभे केलेले 'द व्हाइनिल रेकॉर्ड्स' हे पथक तर आमच्या इटानगरच्या स्नेह्यांनाही ठाऊक नव्हते.

मराठी माणसाने या साऱ्याकडे परकी वस्तू म्हणून पाहण्याचे कारण नाही. लंडनची मुले स्वखर्चाने पत्रके काढू लागली त्याच्या दहा-पंधरा वर्षे आधी आपल्याकडे लघुअनियतकालिके निघत होती. १९५०च्या दशकात 'शब्द' निघाले. अशोक शहाणे यांचे 'असो' १९६३चे. प्रती थोड्या, वर्गणीदार त्याहून थोडे, आणि प्रस्थापितांची नाराजी भरपूर. त्याच मंडळींतील अरुण कोलटकर यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी इंग्रजी गाणी रचून ती ध्वनिमुद्रितही करून पाहिली होती. 'जेजुरी'ला १९७७ साली राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. ती गाणी मात्र त्या काळी तबकडीवर आलीच नाहीत. आपल्या भाषेतील एका थोर कवीच्या गळ्यातील हे दालन इतकी वर्षे बंद राहिले, याचे आम्हांला दुःख होते.

आता कन्येच्या प्रश्नाकडे येतो. काळ अखेर न्याय देतो, असे सांगून बाप मोकळा होऊ शकतो. पण हे सारे ऐकल्यावर आम्हांला ते वाक्य उच्चारवेना. काळाने बेल यांना काही दिले नाही, डेव्हिड यांनाही नाही. काळ फक्त धूळ साचू देतो. न्याय दिला तो कोणा माणसाने, ज्याने ती पाचशेपैकी एक प्रत टाकून न देता जपली, आणि एका संध्याकाळी चार मित्रांना ऐकविली. म्हणून तिला आम्ही एवढेच सांगितले: नाव राखलेस तर ऐकणारे थोडे मिळतील, कदाचित फार उशिरा मिळतील, कदाचित तुझ्या हयातीत मिळणार नाहीत, नाव बदललेस तर पुष्कळ मिळतील, पण ते तुला ऐकत असतील की नाही हे तुझे तू ठरव. डेव्हिड यांनी नकार दिला, आणि त्याची किंमत भावांनीही मोजली, हेही तिला सांगितले. तुझ्याबरोबर ते दोन तरुण आहेत. त्यांना विचारल्यावाचून उत्तर धाडू नकोस. उत्तर अद्याप गेलेले नाही. चारही जण रोज सायंकाळी जाळी वाळत घातलेल्या वाळूत बसून वाद घालतात, कधी तमिळमध्ये, कधी इंग्रजीत. आम्ही त्यात पडत नाही.

आमच्या अधिकारात जेवढे आहे तेवढे मात्र वाचकांपुढे ठेवतो. या मासिकाचे वाचक शिलाँगपासून तिरुवनंतपुरमपर्यंत विखुरलेले आहेत. बदलीचा हुकूम आपल्याला अशा ठिकाणी नेऊन ठेवतो जेथे वर्षअखेरीच्या याद्या करणारे कधी फिरकत नाहीत. तेथे एखाद्या गल्लीत, गच्चीवर, महाविद्यालयाच्या अंगणात तीन-चार मुले काहीतरी वाजवीत असतील. भाषा आपली नसेल, सूर आपल्या सवयीचा नसेल. त्यांची तबकडी विकत घ्यावी, त्याच साली घ्यावी, आणि पैसे पूर्ण द्यावेत. मग ती एकदा शेवटपर्यंत ऐकावी. आवडली नाही तरी टाकून देऊ नये. पुढची बदली झाली की सामानात बांधावी.