घरच्या कॉम्प्युटरचा ताप

ताप आला म्हणून लगेच अँटिबायोटिक घेऊ नका, असं मी पेशंटना रोज सांगतो. घरचा कॉम्प्युटर रखडू लागला तेव्हा मात्र मी आधी अँटिव्हायरस बदलला, मग रॅम वाढवली. फरक शून्य.

शेवटी मुलीने विचारलं, "बाबा, चालू केल्यावर किती वेळाने बिघडतो?" हिस्टरी घ्यायचीच राहिली होती! सुरुवातीला ठीक, वीस मिनिटांनी मंद, मग आपोआप बंद. प्लग काढून झाकण उघडलं, तर प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीचा जाड थर. आमच्या वसईच्या दमट हवेत धूळ चिकटून बसते. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो; तेवढ्यानेही भागलं नाही, तर मशीन बंद होतं. म्हणजे मंदपणा हा आजार नव्हताच, बचाव होता.

धूळ काढली, थर्मल पेस्ट बदलली, मशीन सुधारलं. पण महिनाभर मध्येच बंद पडताना डिस्कवरचं लिखाण अर्धवट तुटत होतं. डायबेटिसच्या पेशंटांच्या साखरेच्या नोंदी तिथेच, एकुलती एक प्रत. (तुमचंही असं होत असेल, तर दुरुस्तीआधी फाइल्सची प्रत काढा.) 2018ची फाइल उघडत नाही. केसपेपरवरून पुन्हा भरतोय. त्या जुलैच्या पुरात खालच्या कप्प्यातले कागद भिजले, तेवढ्या नोंदी गेल्याच.