तेलाची टाकी

आयर्लंडमधील माझ्या वास्तव्यात धर्मग्रामातील एका विधवा आजीबाईंच्या घरी मी जात असे. परसात रॉकेलची हिरवी टाकी. त्या तेलावर बॉयलर चाले आणि घर उबदार राही. मुलाने विजेवरचा हीट पंप बसविण्याचे काढले, तेव्हा त्यांना ते पटेना. बाहेर एवढा गारठा, मग ऊब येणार कोठून?

वास्तविक हे यंत्र थंड हवेतही उरलेली उष्णता गोळा करून घरात आणते. म्हणूनच १ युनिट विजेत सुमारे ३ युनिट ऊब मिळते. मात्र त्यातील पाणी बॉयलरइतके तापत नाही. त्यामुळे जुन्या घराच्या भिंतींना व माळ्याला आधी उष्णतारोधक आवरण घालावे लागते. खरा खर्च तेथेच होतो, अन् सरकारी अनुदानाने तो सारा भागत नाही.

आजीबाईंची धास्ती निराळीच होती: वादळात वीज गेली तर? जानेवारी २०२५ मधील ‘एओविन’ वादळात ७ लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. पण त्या काळात त्यांचा बॉयलरही थंडच पडला होता. त्याचा बर्नर अन् पंप विजेवरच चालतात! ऊब दिली ती लाकडाच्या शेगडीने.

पुढे हीट पंप बसला. शेगडी मात्र त्यांनी काढू दिली नाही, आणि मला ते योग्यच वाटले.