बत्तीस बिटांचा म्हातारा

आमच्या घरी माडीवरच्या खोलीत एक म्हातारा आहे. तो खात-पीत नाही, पण कामाला लावला की रात्रभर घरघरतो. मग हिची झोपमोड होते आणि सकाळचा चहा मला गार मिळतो. हा म्हातारा म्हणजे मी २००४ साली घेतलेला बत्तीस बिटांचा संगणक.

त्याचे काम काय, ते सांगतो. लहान वाचनालयांना सभासद, पुस्तके, वर्गणी आणि दंड यांची नोंद ठेवता यावी म्हणून आम्ही सातआठ हौशी माणसे एक प्रोग्राम चालवतो. त्याचे पैसे घेत नाही, आणि त्याचा मूळ मजकूर कोणालाही वाचायला नि बदलायला मोकळा आहे. यालाच ओपन सोर्स म्हणतात. पण तो मजकूर यंत्राला तसाच्या तसा समजत नाही. हस्तलिखिताचे जसे बांधीव पुस्तक व्हावे लागते, तशी त्याची यंत्राच्या भाषेत बांधणी करावी लागते. तरुण मंडळी तिला बिल्ड म्हणतात. यंत्राची जात बदलली की बांधणीही वेगळी. चौसष्ट बिटांची बांधणी वीस मिनिटांत होते. बत्तीस बिटांची जबाबदारी माझी, म्हणजे म्हाताऱ्याची, आणि त्याला एक रात्र लागे.

गेली दोन वर्षे मंडळी मला आडून आडून सुचवत होती की, काका, आता बत्तीस बिट सोडून देऊ या. त्यांचे खोटे नव्हते. बत्तीस बिटांच्या यंत्रावर एका प्रोग्रामला चार गिगाबाइटपलीकडची स्मृती दिसतच नाही, आणि हल्लीचे अवजड प्रोग्राम बांधताना तेवढी पुरत नाही. आम्ही ज्या डेबियनवर विसंबून होतो, तिनेही ऑगस्ट २०२५ मधल्या तेराव्या आवृत्तीपासून असल्या जुन्या यंत्रांसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर देणे थांबवले. मी मात्र गरिबांच्या वाचनालयांचा कैवार घेऊन बसलो होतो. खरे सांगायचे तर त्यात कैवार थोडा आणि मिजास फार. म्हातारा निवृत्त झाला असता, तर त्याच्याबरोबर मीही झालो असतो!

पावसाळ्यात ही मिजास अंगाशी आली. एका आवृत्तीत दंडाचा हिशेब चुकला होता. सुट्टीचे दिवसही मोजले जात होते. नागपूरच्या एका कॉलेजकन्येने एका संध्याकाळीत दुरुस्ती करून दिली. परंतु सगळ्या बांधण्या एकदमच बाहेर काढायच्या, असा आमचा नियम, आणि तो माझ्याच आग्रहाने झालेला. म्हाताऱ्याने तीन रात्री बांधणी घेतली आणि तिन्ही वेळा पहाटे मान टाकली. स्मृती संपली. त्या सहा दिवसांत एका वाचनालयात सहावीतल्या मुलाला बेचाळीस रुपये दंड दाखवला गेला, आणि त्याने पुस्तक परत करून नाव काढून घेतले. त्या मुलीने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरे वाटले असते.

त्या रात्री मला लिनस टोरवाल्ड्सची आठवण झाली. जानेवारी १९९१ मध्ये हेलसिंकीच्या या विद्यार्थ्याने ३८६ प्रोसेसरचा संगणक घेतला आणि त्याच्यासाठीच लिनक्सचा पहिला मजकूर लिहिला. डिसेंबर २०१२ मध्ये त्याच ३८६ चा आधार लिनक्समधून काढून टाकण्यात आला. त्या एका जुन्या जातीपायी दर बदलाला जादा खटपट पडत होती. स्वतः लिनसने त्यावर एक उसासाही टाकला नाही म्हणे. आपण तर साधे दंडाचे हिशेब करणारे!

मी मंडळींना होकार कळवला. बत्तीस बिट वापरणारी किती वाचनालये उरली आहेत याचा शोध घेतला, तर एकच निघाले, कोकणातल्या एका खेड्यातले. तिथल्या ग्रंथपालबाईंना फोन केला. दहा मिनिटे मी गोल गोल बोलत होतो.

"अहो, म्हणजे आमचं बंद पडणार का?" त्यांनी मध्येच विचारले.

"बंद नाही पडणार. आहे ते चालेल. नवीन मिळणार नाही."

"नवीन कोणाला हवंय? पण तो दंड चुकतो, त्याचं काय?"

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मग एक तडजोड सुचली. नव्या आवृत्तीतले अवजड काही न घेता जुन्याच आवृत्तीत दंडाची तेवढी दुरुस्ती घातली आणि म्हाताऱ्याला शेवटचे कामाला लावले. हिला आधीच सांगून ठेवले होते. ती म्हणाली, "शेवटचीच ना? मग चालू दे." पहाटे साडेचारला पाहतो तो बांधणी पुरी झालेली!

दोन दिवसांनी बाईंचा फोन आला. दंड बरोबर येत होता. मी समाधानाने फोन ठेवणार, तोच त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या मशीनचं आता काय करणार? आमच्यातली रॅमची एक पट्टी गेलीय. इथे मिळत नाही."

दोघांच्या पट्ट्या एकाच जातीच्या निघाल्या. मी माडीवर गेलो, म्हाताऱ्याचे झाकण उघडले, दोन्ही पट्ट्या काढल्या आणि त्यांचे पितळी रंगाचे दात खोडरबराने घासून साफ केले. बाईंनी एकच मागितली होती. मी दोन्ही एसटीच्या पार्सलने पाठवल्या.