शिरपेचाचा माळ, पुसलेली यादी

जव्हारजवळच्या शिरपामाळावर आम्ही तिघे मित्र उभे होतो. १६६४ साली सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज येथे थांबले, जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांना शिरपेच अर्पण केला, आणि त्यावरून माळाला नाव पडले, असे परंपरा सांगते. एका क्षणाचा मान. जमिनीने तो साडेतीनशेहून अधिक वर्षे जपला.

वाटेत चहावाल्याने आडनावे विचारली, तेव्हा आमच्यातल्या पारधी मित्राने गावाचेच नाव आडनाव म्हणून सांगितले होते. माळावर आम्ही कारण विचारले. (विचारायला नको होते.) तो म्हणाला, "यादीतून निघालो, लोकांच्या तोंडातून नाही."

यादी म्हणजे १८७१ च्या, पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याची. तिच्यात नोंद व्हायला जन्म पुरे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, जमाती 'विमुक्त' झाल्या. मुंबई राज्यात १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. त्यात पाहायची ती व्यक्तीची शिक्षा, जात नव्हे. तरी चोरी झाली की पोलीस आधी कोणत्या पालावर जातात, हे वाचकांना सांगायला नको. तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढा, असे सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सांगावे लागले. आणि 'विमुक्त' हा शब्द तरी काय करतो? सुटलेल्याला तो कशातून सुटला, हेच सांगत राहतो.

परतताना त्याच टपरीवर थांबलो. या खेपेस मित्राने न विचारताच आपले खरे आडनाव सांगितले. आम्ही चहावाल्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. मित्र मात्र कपाकडे.