ही ओळ कोणी बदलली?

दोस्तांनो, सुताराच्या पेटीत काय काय असतं, ते तुम्ही झटकन सांगाल. करवत, रंधा, पटाशी, हातोडी. मग संगणकाचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या पेटीत काय असतं, सांगा पाहू? त्याचीही अवजारं असतात बरं का! फक्त ती हातात धरता येत नाहीत, कारण ती स्वतःच प्रोग्रॅम असतात.

पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा 'प्लग' नावाचा एक जुना गट आहे. काही वर्षांपूर्वी त्यांच्या एका सभेला मी परभणीहून गेलो होतो. सेलू, जालना, मनमाड, दौंड असा वळसा घालत रात्रभर रेल्वेत बसायचं आणि सकाळी पुण्यात उतरायचं! सभा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे हारतुरे येतील. तिथे तसलं काही नव्हतं. कॉलेजची पोरं आणि पिकल्या केसांचे इंजिनिअर एकाच बाकावर बसलेले. ज्याला जे येतं ते त्यानं पडद्यावर दाखवायचं आणि बाकीच्यांनी मध्येच थांबवून विचारायचं. शाळेत असं चाललं असतं तर किती मजा आली असती!

पहिलं भाषण 'डीबगर'वर होतं. हे अवजार दुसरा प्रोग्रॅम एकेक पाऊल चालवून दाखवतं, म्हणजे चूक नेमकी कुठे आहे ते सापडतं. चुकीला 'बग', म्हणजे किडा, म्हणण्याची पद्धत इंजिनिअर लोकांत फार जुनी. पण 9 सप्टेंबर 1947 रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क 2' या संगणकात खराच एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला!

माझं मन मात्र 'गिट'नं पकडलं. लिनक्सचा पाया रचणारे लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी ते एप्रिल 2005 मध्ये तयार केलं. जगभरचे लोक मिळून लिनक्स लिहितात. ते आधी वापरत होते ते अवजार फुकट मिळणं बंद झालं, म्हणून यांनी स्वतःचंच केलं. कोणती ओळ कोणी, कधी बदलली आणि का बदलली, हे सगळं गिट जपून ठेवतं. नको असेल तर आधीच्या प्रतीकडे परतही जाता येतं.

'प्रत' म्हटल्यावर मला एकनाथ महाराज आठवले. ज्ञानेश्वरी शके 1212 मधली, म्हणजे सन 1290 ची. पुढची तीनशे वर्षं लोक ती हातानं उतरवत राहिले. एकाचा शब्द चुकला, दुसऱ्यानं आपलाच घातला, असे पाठभेद वाढत गेले. शेवटी 1584 मध्ये पैठणच्या नाथांनी वेगवेगळ्या प्रती जुळवून शुद्ध प्रत तयार केली. कोणता शब्द कोणी बदलला, याची नोंद त्यांच्यापुढे कुठे होती? तरी केलं! केवढं किचकट काम ते!

आता हे सगळं तुम्हाला का सांगतोय? माझी भाची नववीत आहे. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी शाळेच्या ग्रंथालयासाठी एक प्रोग्रॅम लिहीत होत्या. पुस्तक कोणी नेलं, परत कधी करायचं, एवढंच. एकीनं तारीख नीट केली की दुसरीच्या जुन्या फाइलनं ती पुसली जायची. मग भांडण! तिघी बोलेनाशा झाल्या. वर भाची म्हणाली, "मामा, हे पुण्याच्या लोकांचं काम. इथे विचारायचं तरी कुणाला?"

हे मला पटलं नाही. गिट परभणीत आणि पुण्यात एकच आहे, आणि तेही फुकट. एकदा संगणकावर घेतलं की रोज इंटरनेट लागतंच असं नाही, कारण सगळा जुना इतिहास प्रत्येकाच्या प्रतीतच असतो. बदलाची नोंद मराठीत लिहिली तरी त्याची तक्रार नसते. पुण्याला एक गोष्ट मात्र जास्त होती, ती म्हणजे विचारायला माणसं. मग आम्ही रविवारी आमच्या ओसरीवर बसायला लागलो.

भांडण लगेच मिटलं असं नाही हं! ओळ कोणी पुसली, ते आता नावानिशी दिसायला लागलं, त्यामुळे पहिले दोन रविवार जरा जास्तच भांडण झालं. मग एकीच्या नोंदीत दिसलं, 'परत करायची तारीख दुरुस्त केली. हिची ओळ ठेवली, तीच बरोबर होती.'

गेल्या रविवारी पाचजणी होत्या, संगणक एकच. येत्या रविवारी डीबगरवर बोलायची पाळी सगळ्यांत लहान मुलीची आहे. सातवीत आहे ती. सध्या ती पतंगाचं चित्र काढत बसलीय.