पटव्यांची हवेली आणि नगरची पेढी

जैसलमेर एका दिवसात दाखविणाऱ्या सहलीचा क्रम बहुधा ठरलेला असतो. सकाळी गडीसर तलाव, मग किल्ला आणि हवेल्या, जेवणानंतर लोद्रवा, संध्याकाळी सम येथील वाळूच्या टेकड्यांवर सूर्यास्त. रावळ जैसल, 1156 साल आणि सत्यजित राय यांचा ‘सोनार केल्ला’ हा चित्रपट गाइड एका दमात सांगून टाकतो. पिवळ्या दगडावर ऊन आले की गाव खरोखरच सोन्यासारखे दिसते, यात वाद नाही. परंतु या राजकथेत व्यापारी फार उशिरा येतो. वास्तविक या गावाला वैभव आले ते सिंधकडे जाणाऱ्या उंटांच्या तांड्यांमुळे आणि त्यांच्या जकातीमुळे.

नगरहून गेलेल्या एका संघात कापड बाजारातील एक वयोवृद्ध व्यापारी, त्यांच्या पत्नी व पुण्यात नोकरी करणारा नातू असे तिघे होते. घराणे मूळचे मारवाडचे. आधी खेड्यात किराणा, मग शहरात कापड. दुकानाच्या जागेला चांगले गिऱ्हाईक आले होते आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत उत्तर द्यावयाचे होते. मुलगा विकून टाकू म्हणत होता. वडील काहीच म्हणत नव्हते.

गडीसरवर मंडळी बराच वेळ थांबली. पाण्याची गोष्ट निघाली की नगरकर थांबतोच. नगरचा साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस आपण अपुरा मानतो. येथे दोनशेही पडत नाही. आता कालव्याचे पाणी नळाने घरोघर येते, पण पूर्वी सारे गाव या तलावाच्या भरवशावर होते. त्या नळाचा दुसरा हिशेब किल्ल्यावर कळतो. थेंब जपून वापरणाऱ्यांसाठी बांधलेल्या तटाच्या आत आज हॉटेले आहेत. त्यांचे सांडपाणी टेकडीत मुरते आणि बुरूज खचतात.

किल्ल्यातील सात जिनालये हा बाराव्या ते सोळाव्या शतकांतील श्रावकांचा ठेवा. संघातील बहुतेक मंडळी स्थानकवासी. कोरीवकाम त्यांनी आदराने पाहिले, परंतु त्यांचे पाय रेंगाळले ते ज्ञानभांडाराशी. पंधराव्या शतकात आचार्य जिनभद्रसूरींनी संभवनाथ मंदिराच्या तळघरात ते स्थापिले. स्वातंत्र्यानंतरच्या काळात मुनी पुण्यविजयजींनी येथे महिनोन्‌महिने राहून पोथ्या लावल्या, त्यांची सूची केली. राजधान्या लुटल्या गेल्या, ताडपत्रे राहिली. कोरडी हवा, जाड भिंती आणि कुलूप. पाथर्डीच्या धार्मिक परीक्षा बोर्डाच्या परीक्षा लहानपणी दिलेल्या आजीबाई काचेतल्या त्या पानांकडे पाहत उभ्या राहिल्या. गाइडने या ठिकाणाला दहा मिनिटे दिली होती. दहा मिनिटे फारच थोडी होत.

पटव्यांच्या हवेलीत मात्र त्याला सूर सापडला. गुमानचंद पटवा यांनी 1805 च्या सुमारास काम काढले. पाच पुत्रांसाठी पाच हवेल्या, पुरी पन्नासएक वर्षे बांधकाम. घराण्याचे गोत्र बाफना, असे त्याने सांगताच आजीबाई पुढे सरसावल्या. त्यांचे माहेर बाफना. जरीचा व्यापार, सावकारी, हुंड्या. रोकड चांदी वाळवंटातून न्यावयाची नाही. येथे भरणा करावयाचा आणि दूरच्या पेढीवर कागद दाखवून रक्कम उचलावयाची, ही सारी पतीची करामत. अफूही होती, हे त्याने जरा हळूच सांगितले. सांगितले हे बरे केले.

“सेठजी, इतने बड़े घर, और रहनेवाला कोई नहीं,” असे म्हणून तो झरोक्यांकडे वळला. वृद्ध व्यापाऱ्यांनी त्याला थांबविले आणि ते लोक गेले कोठे, असे विचारले. याचे उत्तर त्याच्या पाठांतरात नव्हते. खरे तर ते इतिहासात आहे. मुंबई-कराचीची बंदरे आणि आगगाडी यांनी तांड्यांचा माल ओढून घेतला. उरलेली वाट 1947 च्या सरहद्दीने बंद केली. पटवे त्याच्या कितीतरी आधी उदयपूर, इंदूरकडे सरकले होते. त्याच घराण्यातील सर सिरेमल बापना पुढे होळकरांच्या इंदूर संस्थानाचे पंतप्रधान झाले. चौंडीची लेक अहिल्याबाई ज्या घरात सून म्हणून गेली, त्या होळकरांचे. आपल्या जिल्ह्याला आज तिचेच नाव आहे.

लोद्रव्याचे पार्श्वनाथ मंदिर सतराव्या शतकात थाहरू शाह भणसाळी यांनी पुन्हा उभारले. राजधानी तेथून उठून गेल्याला तेव्हा काही शतके लोटली होती. उजाड गावात एका व्यापाऱ्याने एवढा खर्च का केला असावा, हा प्रश्न नातवाने विचारला. आजोबांनी फक्त मान हलविली.

समला सूर्यास्तानंतर जेवण असते. चौविहार असल्यामुळे संघाच्या व्यवस्थापकांनी साडेपाचलाच पाने मांडावयास लावली. बाजरीची भाकरी आणि केर-सांगरी, जी नगरच्या मारवाडी घरांतून अजून सणावाराला होते. हात धुऊन मंडळी टेकडीवर गेली तेव्हा ऊन तिरपे झाले होते. आजोबांनी नातवाला जवळ बसविले.

“जागेचे तुझ्या वडिलांना योग्य वाटेल तसे करू दे,” ते म्हणाले. “पण माळ्यावरच्या चोपड्या रद्दीत घालायच्या नाहीत. त्या तुझ्याबरोबर पुण्याला जातील.”

“दादाजी, किती आहेत त्या?”

“दोन पेट्या. मोडी आहे त्यात, महाजनी आहे. वाचणारा शोधावा लागेल.”

सूर्य बुडाला तसे उंटवाले परतू लागले. आजीबाईंनी बटव्यातून मुहपत्ती काढली आणि प्रतिक्रमणाला बसण्यासाठी वाळूवर आसन पसरले.