डाग दिलेला गडू

नाशकात तांबट लेनमध्ये वाढलेल्या मुलाला शांतता म्हणजे काय ते उशिरा कळतं. सकाळी आठच्या आत पहिला हातोडा पडायचा आणि दिवेलागणीपर्यंत ठोके चालू. घरातलं बोलणंही त्या तालात, दोन ठोक्यांच्या मधे. शाळेत गेलो की पहिला तास कान मोकळे मोकळे वाटत.

आजोबांना सगळे अण्णा म्हणत. त्यांच्या उमेदीत हंडे, घंगाळं, बंब घडवले जात. एकेक ठोका पहिल्याला खेटून मारायचा, म्हणजे मठारकामाची नक्षीही उठते आणि पत्राही कडक होतो. माझ्या आठवणीत मात्र स्टीलने बाजार गिळलेला होता. अण्णांकडे उरले होते ते चिमुकले गडू. यात्रेकरू रामकुंडावर येत, गडू भरून घेत आणि अण्णा झाकण बसवून कथलाचा डाग देत. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, त्यामुळे पाणीही अर्थात गंगेचं. असा बंद गडू मग कुणाच्या तरी देवघरात वर्षानुवर्षं बसून राहतो. तो कधी उघडायचा हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून कुणी बोलत नाही.

1984 साली मी चौथीत होतो. भारताने अंटार्क्टिकावर पहिलं संशोधन केंद्र उभारलं, नाव ‘दक्षिण गंगोत्री’, असं आकाशवाणीच्या बातम्यांत सांगितलं. अण्णांनी हातोडा खाली ठेवला. गोदावरी ही दक्षिणगंगा. तेव्हा दक्षिण गंगोत्री असलीच तर ती त्र्यंबकला, ब्रह्मगिरीवर, हा त्यांचा साधा हिशेब. “दिल्लीवाल्यांना भूगोल येत नाही,” म्हणाले आणि पुन्हा ठोकायला लागले. ते केंद्र उभारणाऱ्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत अदिती पंत होत्या, नागपूरच्या, समुद्रशास्त्रज्ञ. सुदीप्ता सेनगुप्ता आणि त्या, भारताच्या अंटार्क्टिका मोहिमेत गेलेल्या पहिल्या स्त्रिया. वर्तमानपत्रातलं त्यांच्या बातमीचं पान आईने बरेच दिवस जपलं. मी जाईन असं तेव्हा तिच्या किंवा माझ्या मनातही नव्हतं.

1991 च्या सिंहस्थात अण्णांनी स्वतःसाठी एक गडू केला. मठारून, काठोकाठ भरून, डाग देऊन. कानाशी हलवून दाखवला. “वाजतो का? नाही ना. भरलेला गडू वाजत नाही.” चारच वर्षांनी ते दुपारच्या झोपेतच गेले. गडू उघडायला कुणाला वेळच मिळाला नाही.

मी भौतिकशास्त्र शिकलो आणि पुढे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या मोजणीत शिरलो. हे काम विचित्र आहे. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र इतकं क्षीण की शेजारून मोटार गेली तरी नोंद बिघडते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय निरीक्षणं थेट अलिबागला हलवली, 1904 साली, लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत. दोन वर्षं दोन्हीकडे एकदमच नोंदी घेतल्या, म्हणजे जुना धागा नव्याला जोडता यावा. ही चिकाटी का, तर कुलाब्याच्या जुन्या वह्या सोन्यासारख्या आहेत. 2 सप्टेंबर 1859 ला सूर्यावरच्या स्फोटामागून जे प्रचंड चुंबकीय वादळ आलं, तेव्हा तिथल्या निरीक्षकांनी नुसत्या डोळ्यांनी वाचून हाताने आकडे लिहिले. क्षैतिज बल सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी कोसळलेलं. आजही त्या वादळाचा अंदाज बांधणारे त्याच आकड्यांकडे येतात. अलिबागला पहिल्यांदा गेलो तेव्हा मला अण्णा आठवले. लोखंड नको, तांबं-पितळ चालेल, असं म्हणणारी ही मी पाहिलेली पहिली आधुनिक जागा!

ध्रुवाकडे जायचं कारणही हेच. सूर्याकडून येणारे भारित कण पृथ्वीच्या चुंबकीय रेषांना धरून ध्रुवांजवळ उतरतात, म्हणून तिथे सुई सारखी थरथरते. अंटार्क्टिकावरच्या ‘मैत्री’ या भारतीय केंद्रावर हिवाळा काढण्यासाठी माझी निवड झाली. औलीला बर्फातलं प्रशिक्षण, तपासण्या, मोहिमा पाठवणाऱ्या गोव्याच्या संस्थेतून मिळालेले जाडजूड कपडे. निघण्याआधी बुटांच्या तळव्यातली माती आणि वेल्क्रोत अडकलेली कुसळं सुईने काढत बसलो होतो. तिकडे परकं बी, परकी माती न्यायची नाही. आई बघत होती. मग उठली आणि देवघरातला अण्णांचा गडू आणून माझ्या बॅगेत मोज्यांच्या मधे ठेवला. “असू दे,” म्हणाली. “तिकडे कुठे मिळणार?” मी वाद घातला नाही. फक्त सांगितलं, की हा तिथे उघडता यायचा नाही, पाण्यातले जंतूही परकेच. ती म्हणाली, “उघडायची वेळ नकोच यायला.”

केपटाउनहून रशियन मालवाहू इल्युशिन-76 मधून सहाएक तास, आणि मग निळ्या बर्फाच्या धावपट्टीवर उतरणं. डोळे दिपतात एवढंच सांगतो. या क्षणावर मोहिमेतल्या प्रत्येकाने पानंच्या पानं लिहिली आहेत. ‘मैत्री’ 1989 पासून शिरमाकर ओअॅसिसमध्ये उभी आहे. उघडा खडक, प्रियदर्शिनी तळं, पिण्याचं पाणी तिथलंच. समुद्र शंभरेक किलोमीटरवर, त्यामुळे पेंग्विन म्हणजे एखादा वाट चुकलेला पाहुणा. परत आल्यावर सगळे आधी पेंग्विनचंच विचारतात आणि माझं उत्तर ऐकून नाराज होतात.

उन्हाळ्यात माल आणायला बर्फाच्या शेल्फवर गेलो. त्याच शेल्फवर ‘दक्षिण गंगोत्री’ आहे, म्हणजे होती. बर्फ साचत साचत ते केंद्र गाडलं गेलं आणि 1990 मध्ये सोडून द्यावं लागलं. खाली कुठेतरी त्या खोल्या आहेत. अण्णांचा हिशेब बरोबर निघाला असं उगाच वाटलं. गंगोत्रीतून काहीतरी बाहेर यायला हवं, इथे सगळं आत जातं.

माझी मोजणीची झोपडी केंद्रापासून दूर, जनरेटर आणि गाड्यांपासून लांब. आत जाण्याआधी पट्टा, घड्याळ, किल्ल्या, चष्मासुद्धा बाहेर. ध्रुवावरच्या कामाचा अर्धा भाग म्हणजे आपल्यातून एकेक वस्तू वजा करणं. एके दिवशी कुतूहलाने गडू नेला. मला शंका होती, कारण तांबं शुद्ध असलं तरी अण्णांचा हातोडा लोखंडी होता आणि खालचा दांडाही. एक कण जरी पत्र्यात शिरला असता तरी यंत्राने चुगली केली असती. आधी किल्ली जवळ धरली, आकडे उड्या मारायला लागले. मग गडू. शेवटचा आकडासुद्धा जागचा हलला नाही. दोनतीनदा करून पाहिलं. हजारो ठोके खाल्लेली वस्तू यंत्राला तिथे नाहीच असं वाटत होतं.

त्यानंतर तो माझ्यासोबत यायला लागला. मेच्या उत्तरार्धात सूर्य गेला तो जुलैच्या उत्तरार्धापर्यंत आलाच नाही. बाहेर कधी ध्रुवीय प्रकाशाचा हिरवा पडदा हलायचा, तेव्हा आत रेषा वेड्यावाकड्या धावत आणि मला आकाश बघायला फुरसत नसायची. अशाच एका दिवशी हिमवादळाची सूचना आली, मी दोरीला धरून घाईने केंद्रावर परतलो आणि गडू झोपडीत राहिला. वादळ तीन दिवस चाललं.

चौथ्या दिवशी पाहिलं, तर तो टेबलावर कलंडला होता. आतलं पाणी गोठून फुगलं होतं आणि बूड बाहेर आलं होतं. डाग मात्र सुटला नव्हता. खोलीत आणून ठेवला, बर्फ वितळला, पण बूड काही आत गेलं नाही. ठेवला की डुगडुगायचा. दोन मोज्यांमध्ये बसवून पुढचे महिने काढले.

नाशकात परतलो तेव्हा तांबट लेनमध्ये अजून थोडे हातोडे चालू होते. बूड परत ठोकून देतो, असं एका कारागिराने सांगितलं. मीच नको म्हटलं. आईने गडू हातात घेतला, झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं, मग अण्णांसारखा कानाशी नेऊन हलवला. आत पाणी डचमळलं.

“पाणी कमी झालं का रे?”

“नाही. गडू मोठा झाला.”

ती थोडा वेळ विचार करत राहिली. मग देवघरात मूठभर तांदळाची रास केली, त्यात त्याचं बूड रुतवलं, आणि तो हलत नाही ना ते दोनदा बोटाने ढकलून पाहिलं.